सातही पेपर सारख्या वजनाचे नसतात

हिवाळी परीक्षेचा निकाल लागला की स्टाफरूमच्या दाराशी कुणीतरी मोबाइल धरून उभं असतं. मागच्या खेपेला बीएच्या पहिल्या सेमिस्टरची एक मुलगी आली. सोबत चुलतबहीण होती. दोघी एकाच गावच्या, एकाच बसने येणाऱ्या, एकाच बाकावर बसणाऱ्या.

"मॅडम, आमाले दोघीले ग्रेड सारखेच पडले. एक ए प्लस, दोन ए, दोन बी प्लस, दोन बी. मंग हिचा एसजीपीए साडेसातच्या वर न् माहा सातच कसा?"

मी विचारलं, "कोणता ग्रेड कोणत्या पेपरला पडला?"

ती म्हणाली, "पेपर तं सारेच सारखे असते ना मॅडम?"

तिची काहीच चूक नव्हती. दहावी-बारावीपर्यंत बहुतेक विषय शंभराचे. बेरीज करायची, टक्के काढायचे, संपलं. कॉलेजात हिशेब बदलतो, टक्क्यांच्या जागी एसजीपीए म्हणजे त्या सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी येते, आणि बदलला हे वर्गात कुणी सावकाश बसून सांगत नाही. ज्या घरात आधी कुणी पदवीपर्यंत गेलेलं नाही, तिथे घरीही विचारायला कुणी नसतं. त्या दोघींना त्या दिवशी मी जे वहीत मांडून दाखवलं, तेच इथे ओळीने लिहिते आहे. यातलं पहिलं काम मात्र निकालानंतर नाही, सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात करायचं आहे.

१. आधी स्कीमचा कागद हातात घ्या

प्रत्येक अभ्यासक्रमाला सिलॅबससोबत एक तक्ता असतो. त्याला कॉलेजात सगळे 'स्कीम' म्हणतात. कोणता पेपर, किती क्रेडिटचा, लेखी किती गुणांचं, इंटरनल किती, प्रॅक्टिकल किती, पास व्हायला किती लागतात, हे सगळं त्या एका पानावर असतं. विद्यार्थी सिलॅबस मिळवतात, गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका मिळवतात, गाइडही घेतात. हे पान मात्र कुणी मागत नाही.

ते तुमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाची कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीमची संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ. कृषी महाविद्यालयात असाल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नियम पाहायचे. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याची स्कीम त्याची स्वतःची. म्हणून चंद्रपूरच्या मामेभावाने सांगितलेला नियम यवतमाळात लागू होईलच असं नाही. आपल्या विद्यापीठाचा, आपल्या अभ्यासक्रमाचा आणि आपल्या प्रवेशाच्या वर्षाचा कागद पाहा. नवीन शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं, त्यामुळे तुमच्या दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या दादा-ताईची स्कीमसुद्धा वेगळी असू शकते.

गावात नेट चालत नसेल तर विभागप्रमुखांना विचारा. "सर, आमच्या सेमिस्टरची स्कीम पाहिजे होती," एवढंच म्हणायचं. फोटो काढून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर हाताने उतरवा. हाताने उतरवलेलं डोक्यात राहतं.

२. क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन

एक क्रेडिट म्हणजे साधारणपणे सेमिस्टरभरात १५ तासांचं शिकवणं. प्रॅक्टिकल असेल तर एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा आणि दोन क्रेडिटचा ३० तासांचा. आताच्या रचनेत एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. त्यांत मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय, कौशल्याचा पेपर, भाषेचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञान प्रणालीचा असे वेगवेगळे गट येतात.

आता घरचा हिशेब घ्या. बाबांनी २० क्विंटल सोयाबीन ४००० रुपयांनी विकलं आणि २ क्विंटल तूर ७००० रुपयांनी, असं धरा. सरासरी भाव काय मिळाला? चार आणि सातची मधली साडेपाच हजार, असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. तो म्हणेल, सोयाबीनचे ८०,०००, तुरीचे १४,०००, एकूण ९४,००० रुपये. २२ क्विंटलने भागले तर ४२७३ च्या आसपास. जास्त माल ज्या भावाने गेला, सरासरी त्याच्याकडे ओढली गेली.

ग्रेडचं गणित हेच आहे. क्रेडिट म्हणजे क्विंटल, ग्रेडचा अंक म्हणजे भाव. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

३. एसजीपीए स्वतः काढून पाहा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या दहा अंकी पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंक ठरलेला आहे. ओ ला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५, पी म्हणजे नुसता पास त्याला ४, आणि एफ म्हणजे नापास त्याला ०. पेपरला गैरहजर राहिलात तरी ०. किती टक्क्यांना कोणतं अक्षर द्यायचं ते विद्यापीठ ठरवतं. तो तक्ता गुणपत्रिकेच्या मागे किंवा नियमावलीत सापडतो.

आता त्या दोघी बहिणींचा हिशेब. एकूण सात पेपर, २२ क्रेडिट: दोन मेजर, एक मायनर आणि एक ओपन इलेक्टिव्ह प्रत्येकी चार क्रेडिटचे, तर कौशल्य, भाषा आणि मूल्यशिक्षण प्रत्येकी दोनचे.

थोरलीचे अंक याच क्रमाने: ९, ८, ८, ७, ६, ६, ७. क्रेडिटने गुणायचं: ३६, ३२, ३२, २८, १२, १२, १४. बेरीज १६६. भागिले २२. उत्तर ७.५५.

धाकटीचे: ६, ६, ७, ७, ८, ८, ९. गुणल्यावर: २४, २४, २८, २८, १६, १६, १८. बेरीज १५४. भागिले २२. उत्तर ७.००.

ग्रेडचा संच तोच. नुसती सरासरी काढली तर दोघींची ७.२९ येते. पण थोरलीचा ए प्लस मेजरला पडला आणि धाकटीचा मूल्यशिक्षणाला. धाकटीने भाषेचा आणि कौशल्याचा अभ्यास मनापासून केला होता, कारण ते पेपर तिला समजत होते. अर्थशास्त्राच्या मेजरची तिला भीती वाटायची म्हणून ती ते शेवटी घ्यायची. कष्ट दोघींचे सारखेच होते.

यावरून छोटे पेपर सोडून द्यायचे असा अर्थ काढू नका. दोन क्रेडिटच्या पेपरला ओ मिळाला तर २० अंक जमा होतात. चार क्रेडिटच्या पेपरला सी मिळाला तरी तेवढेच होतात. राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग यांसारख्या सहअभ्यासक्रमांना नव्या रचनेत क्रेडिट आहेत. समाजाशी जोडलेला प्रकल्प किंवा क्षेत्र प्रकल्प असेल, तर गावात राहणाऱ्याचा हात तिथे वरचा असतो. विहिरींची पाणीपातळी, बचतगटाचा वर्षाचा हिशेब, कापसाच्या वेचणीची मजुरी हे विषय शहरातल्या पोराला शोधत फिरावे लागतात. तुमच्या ते अंगणात आहेत. नीट केलेला प्रकल्प ग्रेड वर खेचतो.

४. काठावरचा एक गुण

समजा तुमच्या विद्यापीठात ६० ते ६९ ला बी प्लस आणि ७० ते ७९ ला ए आहे. मग ६० वाल्याला आणि ६९ वाल्याला सारखेच ७ अंक. नऊ गुणांचा काहीच फायदा नाही. पण ६९ चे ७० झाले की ७ चे ८. पेपर चार क्रेडिटचा असेल तर एका गुणाने चार अंक वाढतात, आणि २२ ने भागले तरी एसजीपीए ०.१८ ने वर जातो.

म्हणून आपण प्रत्येक पेपरमध्ये कोणत्या काठाजवळ आहोत हे परीक्षेच्या आधी माहीत असायला हवं. ते कळण्याचा एकच मार्ग आहे, आणि तिथेच आपल्याकडच्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

५. इंटरनल

इंटरनल म्हणजे कॉलेजच्या हातातले गुण. कुठे शंभरात वीस, कुठे तीस, कुठे चाळीस. ते कशाचे, हे स्कीममध्ये किंवा विभागाच्या नोटीसमध्ये लिहिलेलं असतं: युनिट टेस्ट, गृहपाठ म्हणजे असाइनमेंट, सेमिनार, हजेरी, अभ्यासभेट. हे गुण लेखी परीक्षेच्या आधीच ठरतात. आपला इंटरनल किती झाला हे माहीत असेल, तर कोणता काठ गाठायला लेखीत किती लागतात हे वजाबाकी करून काढता येतं.

८०-२० ची स्कीम धरा. लेखीत ८० पैकी ५२ पडले. इंटरनलला १२ असतील तर एकूण ६४, बी प्लस. इंटरनलला १८ असतील तर ७०, ए. हे सहा गुण लेखीत वाढवायचे तर एखादं प्रकरण पूर्ण तयार करावं लागतं. इंटरनलमध्ये ते वेळेवर दिलेल्या दोन असाइनमेंटचे असतात.

मग पोरं वेळेवर का देत नाहीत? मला कारण ठाऊक आहे, कारण मीही त्यातलीच. माझ्या पहिल्या सेमिस्टरला असाइनमेंटची तारीख लागली तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणी सुरू होती. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन सोंगायला येतं, त्यामागोमाग कापूस फुटतो, आणि सेमिस्टरचे इंटरनल नेमके तेव्हाच असतात. मजूर मिळत नव्हते. मी अकरा दिवस कॉलेजात गेले नाही. परत आले तेव्हा नोटीस बोर्डावर तीन कागद एकावर एक पिना मारून लावलेले होते आणि माझ्या पेपरचा कागद सगळ्यात खाली. तारीख चार दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. मी लिहून नेलं, पण घेतलं गेलं नाही. वीसपैकी पाच गुण मिळाले. लेखीत मला चांगले गुण होते, तरी त्या पेपरचा ग्रेड खालीच राहिला. मला तेव्हा वाटलं, आपल्याला विषयच जमत नाही. खरं कारण समजायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी तो विषय सोडूनही दिला असता.

म्हणून पुढचं नीट वाचा.

पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना विचारा, "इंटरनल कशाकशाचे आणि कोणत्या महिन्यात?" उत्तर वहीत लिहा. सुगीच्या आठवड्यांवर खूण करा आणि त्या आठवड्यांत येणारं काम आधीच करून ठेवा. घरी अडचण असेल तर ती आधी सांगा. "मॅडम, पुढचे आठ दिवस वावरात काम आहे, असाइनमेंट आज जमा केली तर चालेल का?" हे विचारायला लाज कसली? आधी विचारलं तर बहुतेक शिक्षक ऐकतात. तारीख गेल्यावर त्यांचेही हात बांधलेले असतात, कारण गुण ठरावीक दिवसापर्यंत विद्यापीठाच्या पोर्टलवर भरावे लागतात.

जवळच्या कुणालातरी सांगून ठेवा की नोटीस बोर्डाचा फोटो दर दोन दिवसांनी पाठव. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरवसा ठेवू नका. तिथे नोटीस शुभेच्छांखाली दबते.

असाइनमेंट देण्याआधी तिचा फोटो काढा. जमा करताना तुमच्या वहीत तारीख टाकून शिक्षकांची सही घ्या. याचं काम पुढे पडतं, ते शेवटी सांगते.

प्रॅक्टिकल असेल तर रेकॉर्ड दर आठवड्याला तपासून घ्या. शेवटच्या दिवशी बारा प्रयोगांवर सह्या मागायला चाळीस जणांची रांग असते आणि शेवटची बस पाचला सुटते.

हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची आहे. बस बंद होती, पूर आला, आजारपण आलं, तर त्या आठवड्यातच अर्ज द्या.

६. पास होण्याची अट वेगळी वाचा

काही अभ्यासक्रमांत लेखी आणि इंटरनल दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. काहींत दोन्ही मिळून पास चालतं. पास व्हायला ४० टक्के लागतात असं धरलं, तर ८० च्या लेखीत ३२ हवेत. लेखीत ३० आणि इंटरनलला १८ म्हणजे एकूण ४८ झाले, तरी वेगळ्या पासिंगमध्ये तुम्ही नापास. एकत्र पासिंगमध्ये पास. स्कीममध्ये ही ओळ बारीक अक्षरांत असते. ती शोधा.

विषय बॅक राहिला, म्हणजे त्यात नापास झालात, तर त्याचे क्रेडिट जमा होत नाहीत. तो पुढच्या उन्हाळी किंवा हिवाळी परीक्षेत काढावा लागतो आणि त्यासाठी परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो. किती विषय बॅक असताना पुढच्या वर्षाला जाता येतं, म्हणजे एटीकेटीचा नियम, तोही आपल्या विद्यापीठाचाच पाहा. आणखी एक विचारून ठेवा: बॅकचा पेपर पुन्हा देताना जुने इंटरनलचे गुण धरतात की नाही. धरत असतील, तर पहिल्यांदा कमावलेले ते अठरा गुण तुमच्या सोबतच राहतात.

७. सहा सेमिस्टरची बेरीज

सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरची सरासरी, तीही क्रेडिटच्या वजनाने. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. प्रत्येक सेमिस्टर २२ क्रेडिटचं असेल तर प्रत्येकाचं वजन सारखं, म्हणजे एक षष्ठांश.

पहिलं सेमिस्टर बिघडलं आणि ६.०० आला, पण पुढच्या पाचही सेमिस्टरला ७.५० राखला, तर शेवटी सीजीपीए ७.२५. पहिल्या निकालाने घाबरून शिक्षण सोडू नका, हे मी दरवर्षी हात जोडून सांगते. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी शब्द, नवीन पद्धत, बसचा प्रवास असं सगळं एकदम अंगावर येतं. ते भरून काढायला पाच सेमिस्टर हातात असतात.

उलट बाजूही पाहा. पाच सेमिस्टर ६.५० वर काढली आणि शेवटच्याला जीव तोडून ९.०० मिळवला, तर सीजीपीए ६.९२. सात होत नाही. "लास्टले सारं उचलून घेऊ" म्हणणारी पोरं मी बरीच पाहिली. वजन शेवटच्या सेमिस्टरलाही तेवढंच असतं.

८. क्रेडिटची बँक

तुमचे क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी खात्यात जमा होतात. त्यासाठी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक लागतो आणि तो डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून निघतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव एकसारखं हवं. आपल्याकडे बरेचदा एकावर वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं असतं. हे पहिल्या महिन्यातच दुरुस्त करून घ्या.

जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतात. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट झाले आणि जोडीला कौशल्याचे चार क्रेडिट केले, तर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं आणि मुदतीत परत येऊन पुढचं शिकता येतं. लग्न झालं म्हणून, वडील अंथरुणाला खिळले म्हणून, पुण्याला कंपनीत काम मिळालं म्हणून कॉलेज सुटलेली कितीतरी मुलं माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पूर्वी त्यांचं केलेलं वर्ष वाया जायचं. आता ते खात्यावर राहतं, फक्त नाव नीट लागलेलं पाहिजे.

९. फॉर्मवर टक्के लिहिताना

नोकरीचे आणि प्रवेशाचे फॉर्म अजूनही टक्के मागतात. सीजीपीएला दहाने गुणून लिहू नका. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५ असं धरतात. दहाने गुणलं तर ६.२५ चे ६२.५ होतात. फॉर्मवर ६२.५ लिहिलं आणि कागदपत्रं तपासताना ५५ निघाले, तर खोटी माहिती दिली असं होतं. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं. गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं सूत्र वापरा. छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं पत्र घ्या.

१०. निकाल लागल्यावर

त्याच दिवशी गुणपत्रिका वहीतल्या तक्त्याशी ताडून पाहा. लेखीचे गुण फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. छायाप्रत पाहा, विषयाच्या शिक्षकांना दाखवा, मग पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरायचा की नाही ते ठरवा. मुदत थोडी असते, म्हणून पैशांची आणि बसची सोय आधी करा.

आणि आता ती सही. परवा तीच धाकटी बहीण पुन्हा दाराशी आली. दुसऱ्या सेमिस्टरचे इंटरनल पोर्टलवर भरण्याआधी बोर्डावर यादी लागली होती. तिच्या नावापुढे अर्थशास्त्रात ८ होते. तिने वही उघडून दाखवली: दोन असाइनमेंट, दोन तारखा, दोन सह्या, आणि टेस्टच्या पेपरचा फोटो. बेरीज १८ होती. लिहिताना १ राहून गेला होता. शिक्षकांनी तिथेच पेनाने ८ च्या आधी १ लिहिला आणि बाजूला सही केली. तिने त्या यादीचाही फोटो काढला आणि पावणेपाचची बस पकडायला निघाली.